गॅसचा गिझर आणि न्हाणीघरातील हवा

एक साधा प्रयोग आपण शाळेत केलेला, निदान पाहिलेला तरी असतो. टेबलावर एक मेणबत्ती पेटवून ठेवायची आणि तिच्यावर कंदिलाची काच उभी करायची. काचेखाली दोन लाकडी ठोकळे ठेवून खाली फट राखली, तर मेणबत्ती शांतपणे जळत राहते. ठोकळे काढून काच टेबलाला टेकवली, की ज्योत फडफडू लागते व धूर सोडते. आता काचेच्या वरच्या तोंडावर एखादी ताटली झाकली, की ज्योत थोड्याच वेळात विझते. ज्योतीला हवा आत येण्यासाठी खालून वाट हवी आणि तापलेला धूर बाहेर जाण्यासाठी वरून वाट हवी. दोहोंपैकी एकही वाट बंद झाली तर ज्वलन बिघडते, एवढाच या प्रयोगाचा निष्कर्ष.

आता कंदिलाच्या काचेच्या जागी घरातले लहानसे न्हाणीघर कल्पा. मेणबत्तीच्या जागी गॅसचा गिझर आहे. दार आतून बंद आहे, खिडकीच्या काचपट्ट्या थंडीमुळे मिटलेल्या आहेत, आणि या काचेच्या आत ज्योतीच्या सोबतीला एक माणूसही आहे. दर हिवाळ्यात न्हाणीघरात बेशुद्ध पडून माणसे दगावल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत येतात. गॅसची गळती नव्हती, आग लागली नाही, स्फोट झाला नाही. मग माणूस कशाने गेला, असा प्रश्न घरच्यांना पडतो. त्याचे उत्तर या छोट्या प्रयोगात दडलेले आहे.

एक घरचा अनुभव

उष्णतेचा धडा अनेक वर्षे शिकवूनही मी स्वतः ही चूक केली, म्हणून ती येथे सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी गॅसचा गिझर बसवला. बसवणाऱ्या कारागिराने सोयीची जागा म्हणून तो न्हाणीघरातच, नळाच्या वरच्या भिंतीवर टांगला. मीही हरकत घेतली नाही. पुढे थंडी पडली, तेव्हा वरच्या झरोक्याला मीच पुठ्ठा लावला.

घरातली चार माणसे सकाळी पाठोपाठ आंघोळ करीत. सर्वांत शेवटी जाणारी माझी मुलगी बाहेर आली की डोके जड झाले म्हणे, तिला मळमळे. रिकाम्या पोटी पित्त होते, असे आम्ही ठरवून टाकले आणि तिला अगोदर थोडे खायला देऊ लागलो. फरक पडला नाही. मग एक गोष्ट ध्यानात आली. ज्या दिवशी ती पहिली आंघोळीला जाई, त्या दिवशी तिला काहीच होत नसे. उलट शेवटी जाणाऱ्याचे डोके दुखे. पित्त काही आंघोळीचा क्रम पाहून चढत नाही! त्याच संध्याकाळी कागद घेऊन मी एक हिशेब केला. तो हिशेब नववी-दहावीच्या विद्यार्थ्यालाही सहज करता येईल असा आहे.

ज्योतीला हवा किती लागते?

आपल्या सिलिंडरमधील गॅस हे मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन या दोन हायड्रोकार्बन वायूंचे मिश्रण असते. सोयीसाठी तो सगळा ब्युटेन आहे असे धरू. ब्युटेनचे दोन रेणू पूर्ण जळण्यास ऑक्सिजनचे तेरा रेणू लागतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडचे आठ व पाण्याचे दहा रेणू तयार होतात. रेणुभारांचा हिशेब केला तर ५८ ग्रॅम ब्युटेनला २०८ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे गॅसच्या वजनाच्या सुमारे ३.६ पट.

आता गिझरकडे वळू. घरगुती लहान गिझर मिनिटाला ६ लिटर पाणी तापवतो आणि पाण्याचे तापमान २५ अंश सेल्सिअसने वाढवतो असे समजू. १ किलोग्रॅम पाणी १ अंशाने तापवण्यास सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणून दर मिनिटाला लागणारी उष्णता ६ × ४.२ × २५ = ६३० किलोज्यूल. गॅसच्या उष्णतेपैकी ८५ टक्के पाण्यात जाते असे मानले, तर गॅसपासून सुमारे ७४० किलोज्यूल मिळायला हवेत. १ ग्रॅम गॅस जळून सुमारे ४६ किलोज्यूल उष्णता मिळते. तेव्हा दर मिनिटाला सुमारे १६ ग्रॅम गॅस जळतो, आणि त्याला सुमारे ५८ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ४४ लिटर ऑक्सिजन लागतो.

हा आकडा केवढा मोठा आहे, हे तुलनेने समजेल. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला पाव ते तृतीयांश लिटर ऑक्सिजन वापरतो. म्हणजे भिंतीवरचा तो छोटा डबा एकटा सुमारे दीडशे माणसांइतका ऑक्सिजन ओढत असतो! दीडशे माणसांना एका न्हाणीघरात कोंडण्याची कल्पनाही आपण करणार नाही. पण गिझर लावून दार मिटताना आपल्या मनात काहीच येत नाही.

पाच फूट रुंद, सात फूट लांब व आठ फूट उंच न्हाणीघराचे घनफळ २८० घनफूट, म्हणजे सुमारे ८,००० लिटर होते. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. तेव्हा खोलीत तो सुमारे १,६८० लिटर असणार. खोली अगदी घट्ट बंद असेल, तर १० मिनिटांत ४४० लिटर ऑक्सिजन खर्च होऊन त्याचे प्रमाण २१ वरून साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास येईल. याच वेळात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण ०.०४ टक्क्यावरून तीन टक्क्यांच्या वर जाईल. प्रत्यक्षात दाराखालच्या फटीतून थोडी हवा आत येते व ही घसरण मंदावते. पण पाठोपाठ चार आंघोळी झाल्या, तर चौथ्या माणसाच्या वाट्याला कोणती हवा येते, हे आता सांगायला नको.

अर्धवट ज्वलन

एवढ्यावर गोष्ट थांबत नाही. खरा शत्रू निराळाच आहे. गॅसमधील कार्बन जळताना प्रथम त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो आणि नंतर त्याला आणखी ऑक्सिजन मिळून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा दुसरा टप्पा पुरा होण्यास पुरेसा ऑक्सिजन, उच्च तापमान आणि थोडा अवधी लागतो. हवा अपुरी पडली तर तो अर्धवट राहतो. ज्योत थंड धातूला जाऊन भिडली, तरीही वायू लवकर निवतात व दुसरा टप्पा अर्धवट राहतो. गिझरमध्ये ज्योतीच्या वर पाण्याच्या तांब्याच्या नळ्या व पातळ पत्र्याचे पंखे असतात. त्यांत काजळी साचली की धुराची वाट अडते, ज्योत नीट वर चढत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो.

हा वायू रंगहीन आहे, त्याला वास नाही, तो डोळ्यांना किंवा घशाला झोंबत नाही. त्याचा रेणुभार २८ आणि हवेचा सरासरी रेणुभार २९. म्हणून तो तळाशी बसत नाही की छताला चिकटून राहत नाही, खोलीभर सारखा मिसळतो.

आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन फुफ्फुसातून ऑक्सिजन उचलून शरीरभर पोचवते. परंतु कार्बन मोनॉक्साइडशी त्याची जवळीक ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक आहे. हे प्रमाण २१० धरून एक गणित करा. हवेत २१ टक्के ऑक्सिजन व केवळ ०.१ टक्का कार्बन मोनॉक्साइड असेल, तर ०.१ × २१० = २१. म्हणजे हजारात एक भाग असलेला हा वायू २१ टक्के ऑक्सिजनच्या बरोबरीचा दावेदार ठरतो, आणि पुरेसा वेळ मिळाल्यास निम्मे हिमोग्लोबिन अडवून बसतो. त्याहून अधिक प्रमाण असेल तर तितका वेळही लागत नाही. हवेत तो अर्ध्या टक्क्याच्या वर गेला, तर काही मिनिटांतच जीव धोक्यात येतो. प्रथम डोके दुखते, मग चक्कर, मळमळ, पायांतले त्राण जाणे, आणि शेवटी बेशुद्धी. दुर्दैव असे, की धोका कळण्याच्या आत विचार करण्याची व उठून कडी काढण्याची शक्तीच जाते.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांत जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाचे नाव अग्रगण्य आहे. हा वायू मिसळलेली हवा त्यांनी स्वतः श्वासावाटे घेतली, आपल्या रक्ताची तपासणी केली आणि १८९५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. खाणीत स्फोटानंतर मरणारे बरेचसे कामगार जळून नव्हे, तर या वायूने मरतात, हे त्यांनी दाखवून दिले. लहान प्राण्यांवर या वायूचा परिणाम माणसापेक्षा लवकर होतो, म्हणून धोक्याची सूचना मिळावी यासाठी खाणीत असे प्राणी नेण्याची सूचना त्यांनीच केली. ब्रिटिश खाणींत कॅनरी पक्षी या कामासाठी १९८६ सालापर्यंत वापरात होते. याच हॉल्डेन यांचे पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन हे नामवंत जीवशास्त्रज्ञ १९५७ साली भारतात येऊन राहिले व १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले.

दोन वेगळे धोके

गॅसची गळती आणि कार्बन मोनॉक्साइड यांची लोक नेहमी गल्लत करतात. ‘वास तर येत नाही, मग कसली भीती?’ असे पुष्कळ जण म्हणतात. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. गिझरमध्ये गॅसबरोबर हे द्रव्यही जळून जाते. म्हणून ज्योतीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला तो वास नसतो. वास आला तर गळती आहे हे खरे; पण वास आला नाही म्हणजे हवा शुद्ध आहे, हे खरे नाही.

दुसरा फरक घनतेचा. ब्युटेन हवेच्या दुप्पट व प्रोपेन दीडपट जड असल्याने गळलेला गॅस जमिनीलगत साचतो. नळाने घरोघर येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन असतो. तो हवेहून हलका असल्यामुळे वर चढतो. दोन्ही गॅसांच्या बर्नरची छिद्रे वेगळ्या मापाची असतात. घरी नळाचा गॅस आला म्हणून सिलिंडरचा गिझर तसाच त्याला जोडू नये. माहीतगार तंत्रज्ञाकडून योग्य ते बदल करून घ्यावेत.

गिझरचा पहारेकरी काय पाहतो?

गिझरची रचना मोठी चतुर आहे. नळ सोडताच पाण्याच्या दाबातील फरकामुळे आतला रबरी पडदा हलतो, तो एक दांडी ढकलतो आणि गॅसची झडप उघडते. त्याच वेळी लहान सेलांवर चालणारी ठिणगी पडते व बर्नर पेटतो. ज्योतीतील वायूंचे अंशतः आयनीभवन होत असल्याने ज्योतीतून अत्यल्प विद्युतप्रवाह वाहू शकतो. ज्योतीत ठेवलेली धातूची सळई हा प्रवाह ओळखते. ज्योत विझली की प्रवाह थांबतो व झडप बंद होते. न जळलेला गॅस बाहेर सांडू नये यासाठी ही योजना आहे.

पण नीट विचार करा. हा पहारेकरी ज्योत आहे की नाही एवढेच पाहतो. ती कोणत्या हवेत जळते आहे, हे साध्या गिझरमध्ये तो पाहत नाही. काही गिझर ठरावीक मिनिटांनी आपोआप बंद होतात. परंतु पुन्हा नळ सोडला की ते पुन्हा पेटतात, आणि खोलीतली हवा मात्र तीच असते. तेव्हा ही साधने उपयुक्त असली, तरी ती मोकळ्या हवेची जागा घेऊ शकत नाहीत.

मग उपाय कोणता?

सर्वांत सोपा व खात्रीचा उपाय म्हणजे ज्योत आणि माणूस यांची हवा वेगळी ठेवणे. गिझर न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या गॅलरीत किंवा मोकळ्या हवेच्या जागी बसवावा व फक्त गरम पाण्याची नळी आत न्यावी. गिझर दुसऱ्या बंद खोलीत किंवा न्हाणीघराच्या खिडकीशेजारी बसवून मात्र प्रश्न सुटत नाही. आमच्या घरी गिझर गॅलरीत गेला आणि मुलीचे ‘पित्त’ त्याच दिवशी बरे झाले.

थंड देशांत हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर पाळलेले दिसते. अमेरिकेत व कॅनडात पुष्कळ घरे तळघरातील गॅसच्या भट्टीने ऊबदार ठेवतात. तेथे ज्योतीचा धूर धातूच्या बंद कप्प्यांतून धुराड्यावाटे बाहेर जातो, आणि घरातली हवा त्या तापलेल्या कप्प्यांच्या बाहेरून पंख्याने फिरवली जाते. धातूच्या भिंतीतून उष्णता पलीकडे जाते, धूर जात नाही. या कप्प्याला तडा गेला किंवा धुराडे पक्ष्याच्या घरट्याने वा बर्फाने बुजले, तर तिकडेही हाच घात होतो. म्हणूनच दर थंडीपूर्वी भट्टीची तपासणी करून घेण्याची आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा लावण्याची तेथे शिफारस केली जाते.

ज्यांच्याकडे गिझर अजून न्हाणीघरातच आहे, त्यांनी तो बाहेर हलवेपर्यंत बादली भरेपर्यंतच गिझर चालवावा, त्या वेळी दार-खिडकी उघडी ठेवावी, आत थांबू नये, आणि गिझर बंद करून हवा खेळल्यावरच आंघोळीस जावे. केवळ वरचा पंखा लावून भागत नाही. खालून हवा यायला वाट नसेल, तर पंखा ओढणार काय? शिवाय धुराडे असलेल्या गिझरच्या खोलीत असा पंखा धुराड्यातला धूर उलटा आत ओढू शकतो.

निगा

वर्षातून एकदा, थंडी सुरू होण्यापूर्वी, जाणत्या तंत्रज्ञाकडून गिझर उघडून साफ करून घ्यावा. बर्नरच्या तोंडाशी कोळी जाळे विणतात. त्याने हवा अडते. पंख्यांमधली काजळी काढावी. क्षारयुक्त पाण्याने नळ्यांत थर बसतो, तोही पाहावा. ज्योत निळी व स्थिर असावी. ती पिवळी, लांब व डोलणारी झाली, किंवा गिझरच्या पत्र्यावर काळे डाग दिसले, तर गिझर तेथेच बंद करावा. पिवळा रंग म्हणजे न जळलेल्या कार्बनचे तापून चमकणारे कण. मात्र ज्योत निळी आहे एवढ्यावर विसंबून झरोका बुजवू नये. रबरी नळी तिच्यावर छापलेली मुदत पाहून बदलावी. गळती शोधायची तर जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. काडी ओढून कधीही पाहू नये.

अपघात घडलाच तर

आत गेलेला माणूस हाकेला ओ देत नसेल, तर दार उघडून किंवा तोडून त्याला प्रथम मोकळ्या हवेत आणावे. आपण आत रेंगाळू नये; श्वास रोखून जावे व लगेच बाहेर यावे. गॅस बाहेरून बंद करावा. १०८ किंवा ११२ या क्रमांकावर मदत मागवावी. श्वास थांबला असेल व आपल्याला शिक्षण असेल, तर कृत्रिम श्वसन व छातीवर दाब देणे सुरू करावे. डॉक्टरांना ‘गॅसचा गिझर चालू होता’ हे आवर्जून सांगावे. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिल्यास हा अवधी सुमारे दीड तासावर येतो. म्हणून बरे वाटू लागले तरी रुग्णालयात न्यावेच. २०२० सालच्या साथीनंतर बऱ्याच घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहेत. पण ते साधे यंत्र कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनपासून वेगळे ओळखू शकत नाही. त्यावरचा ९८ हा आकडा पाहून निश्चिंत होऊ नये.

करून पाहा

१. शिक्षकांच्या देखरेखीखाली कंदिलाच्या काचेचा प्रयोग करा. खालची फट किती कमी केल्यावर ज्योत फडफडू लागते, ते मोजा.

२. मेणबत्तीवर लहान व मोठी अशा दोन बरण्या पालथ्या घालून विझण्यास लागणारा वेळ मोजा. ज्योत विझते तेव्हा आतला ऑक्सिजन संपलेला नसतो. तो साधारण १६ टक्के उरलेला असतो. म्हणजे ‘ऑक्सिजन संपला म्हणून ज्योत विझली’ हे नेहमीचे उत्तर पूर्ण बरोबर नाही. का, ते वर्गात चर्चेला घ्या.

३. घरच्या न्हाणीघराची लांबी, रुंदी, उंची मोजा आणि वरचा हिशेब आपल्या आकड्यांनी पुन्हा मांडा. गिझर मिनिटाला किती पाणी देतो, ते बादली व घड्याळ घेऊन काढता येईल.

४. आपल्या इमारतीत किंवा वाडीत गॅसचे गिझर किती घरी आहेत, ते कोठे बसवले आहेत आणि झरोके उघडे आहेत का, याची पाहणी करा.

शेवटच्या पाहणीत एखाद्या झरोक्याला पुठ्ठा लावलेला आढळला, तर त्या घरच्या काका-काकूंना कंदिलाच्या काचेचा प्रयोग करून दाखवा आणि मग पुठ्ठा काढायची विनंती करा. वहीत लिहिलेले गणित अशा वेळी कोणाचा तरी जीव वाचवू शकते.